पडद्याआधी पोर्ट: हब असलेला ३२ इंची मॉनिटर निवडताना

डॉकिंग हब, म्हणजे एकाच केबलने लॅपटॉपला पडदा, वीज, नेट आणि कीबोर्ड-माउस जोडून देणारी सोय, पोटातच असलेला मोठा मॉनिटर घ्यायचा ठरला की बहुतेक जण पडद्यापासून सुरुवात करतात आणि पोर्टांकडे शेवटी वळतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पडदा २७ इंचांचा असो की ४० इंचांचा, तो दुकानात डोळ्यांनी पाहून बराचसा कळतो. मागच्या टाइप-सी पोर्टातून एका वेळी नेमके काय काय वाहणार आहे, हे मात्र खोके वाचूनही सहसा कळत नाही, आणि अशा मॉनिटरसाठी आपण जे जादा पैसे मोजतो ते त्या पोर्टापायीच मोजतो. आमच्या घरी सध्या डेलचा अल्ट्राशार्प यू३२२३क्यूई हा साडेएकतीस इंची ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा, मॉनिटर आहे. तो का घेतला, त्यासाठी कोणते पर्याय बाजूला ठेवले आणि वापरताना काय पटले, काय खटकले, ते सविस्तर लिहितो.

आमची गरज ठाण्यातल्या पुष्कळ घरांत सापडेल अशीच आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या दोन बेडरूमच्या घरात कामाचे टेबल एकच मावते आणि त्याची खोली जेमतेम दोन फूट आहे. पत्नी आठवड्यातले काही दिवस ऐरोलीच्या ऑफिसात जाते आणि उरलेले दिवस घरून काम करते. मी मराठी पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन मॅकबुकवर करतो. टेबलावर बसणारा माणूस बदलला की चार्जर, पडद्याची वायर, कीबोर्ड, माउस आणि नेटची केबल एकेक करून काढायची आणि लावायची, हा उद्योग नको होता. वेगळा डॉक घेऊनही हे साधते, पण त्या डॉकचा स्वतःचा विटेएवढा अडॅप्टर, त्याच्या वायरी आणि टेबलावरची अडलेली जागा धरली तर दोन फुटी टेबलावर तो सौदा मला पटला नाही. शिवाय काही स्वस्त डॉक डिस्प्लेलिंक नावाच्या तंत्रावर चालतात. त्यासाठी लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकावा लागतो, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिनचे अधिकार आपल्याकडे नसतात, त्यामुळे तो मार्ग पत्नीसाठी मुळातच बंद होता.

आता पोर्टाकडे येऊ. टाइप-सी हा फक्त आकार आहे. त्यातून काय जाईल ते आत कोणती सोय केली आहे त्यावर ठरते. काही पोर्टांतून केवळ डेटा जातो, काहींतून चित्रही जाते, काहींतून लॅपटॉप चार्ज होईल एवढी वीज उलट दिशेने येते. वाशीतल्या एका दुकानात ‘टाइप-सी आहे म्हणजे डॉकिंग आलंच की साहेब’ असे मला ठामपणे सांगण्यात आले आणि दाखवलेल्या मॉनिटरच्या माहितीपत्रकात त्या पोर्टाची वीज १५ वॅट लिहिलेली होती. तेवढ्यावर मोबाइल चार्ज होतो, लॅपटॉप नाही. विक्रेता मुद्दाम फसवत होता असे मला वाटत नाही; गिऱ्हाईक इंच आणि हर्ट्झ (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते) विचारते, वॅट विचारत नाही, म्हणून त्यालाही ते पाठ नसते.

चित्र आणि डेटा एकाच केबलमधून जाताना त्यांच्यात वाटणी कशी होते, हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे. टाइप-सी केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. त्या चारही चित्रासाठी दिल्या तर पडद्याला भरपूर जागा मिळते, पण हबच्या यूएसबी पोर्टांसाठी फक्त जुन्या यूएसबी २.० च्या वेगळ्या तारा उरतात, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. दोन जोड्या चित्राला आणि दोन डेटाला दिल्या तर यूएसबी वेगवान होते, पण चित्राची जागा निम्मी होते. ४के पडदा ६० हर्ट्झला चालवायला सेकंदाला साडेबारा गिगाबिटांहून थोडे अधिक लागते. डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्र वाहून नेण्याची ठरलेली पद्धत, तिच्या १.२ या आवृत्तीच्या वेगाने दोन जोड्यांतून सुमारे साडेआठ गिगाबिट जातात, म्हणजे चित्र मावत नाही, डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने तेवढ्याच दोन जोड्यांतून जवळजवळ तेरा जातात आणि चित्र काठोकाठ का होईना, मावते. म्हणून एकच मॉनिटर, तीच केबल, पण एका लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालते आणि दुसऱ्यावर माउसचा बाण अडखळत सरकतो, कारण पडदा मुकाट्याने ३० हर्ट्झवर उतरलेला असतो.

आमच्या घरी हे दोन्ही प्रकार नांदतात. पत्नीचा ऑफिसचा लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीचा आहे आणि त्याचे अंगभूत ग्राफिक्स डिस्प्लेपोर्ट १.२ वर थांबते. डेलच्या मेनूत यूएसबी-सीला प्राधान्य कशाचे द्यायचे, जास्त रिझोल्यूशनचे की जास्त डेटा वेगाचे, अशी निवड दिलेली आहे. तिच्यासाठी आम्ही रिझोल्यूशन निवडतो. त्यामुळे हबमधली गिगाबिट नेटवर्कची जोडणीही ४८० मेगाबिटांच्या आतच अडकते, आणि वेबकॅमही त्यातलाच वाटा खातो. पण घरातले ब्रॉडबँड १०० मेगाबिटांचे असल्याने प्रत्यक्षात काहीही जाणवत नाही. बाहेरच्या डिस्कवरून मोठ्या फायली सतत उतरवणाऱ्याला मात्र हे जाचक होईल. त्याने वेगवान तारांची ही ओढाताण टाळायची तर थंडरबोल्ट ४, म्हणजे टाइप-सीच्याच आकाराची पण अधिक वेगवान जोडणी, असलेला मॉनिटर पाहावा. तिथे एकूण वेगच ४० गिगाबिट असल्याने चित्र आणि डेटा दोन्ही सुखाने नांदतात, पण लॅपटॉपलाही थंडरबोल्ट असेल तरच. नसेल तर त्यासाठी मोजलेले पैसे केवळ चिन्हाचे होतात.

विजेचे गणित त्यामानाने सोपे आहे. ऑफिसातले बहुतेक पातळ लॅपटॉप ६५ वॅटच्या चार्जरवर चालतात, त्यामुळे मॉनिटरने ९० वॅट दिले की निश्चिंती. १६ इंची मॅकबुक प्रोसोबत १४० वॅटचा चार्जर येतो. तो ९० वर चालेल, पण जड कामात बॅटरी सावकाश भरेल. जाड गेमिंग लॅपटॉप हबवर चार्ज करण्याची आशाच सोडावी. ६० वॅटपुढे जायचे तर केबलही तशी लागते, कारण तीन अँपियरहून जास्त प्रवाहासाठी केबलमध्ये तिची क्षमता सांगणारी छोटी चिप असावी लागते. मोबाइलच्या चार्जरची केबल लावून ‘मॉनिटर चार्जिंग करत नाही’ अशी तक्रार करणारे लोक मी पाहिले आहेत.

हबमध्ये आरजे४५, म्हणजे नेटच्या केबलचे भोक, असावे असा माझा आग्रह होता. आमच्या भागात इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की संध्याकाळी वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांच्या राउटरांची जंत्रीच दिसते, आणि व्हिडिओ मीटिंगमध्ये आवाज तुटू लागतो. राउटरपासून एक केबल मॉनिटरपर्यंत कायमची ओढून ठेवली की जो लॅपटॉप जोडू त्याला ती आपोआप मिळते. ज्यांच्या ऑफिसचे नेटवर्क यंत्राच्या मॅक पत्त्यावरून (नेटवर्कवरचा यंत्राचा ओळख क्रमांक, मॅकबुकशी याचा संबंध नाही) ओळख पटवते त्यांनी मॉनिटर लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता पुढे पाठवतो का, हे आधी विचारून घ्यावे, कारण हबला स्वतःचा वेगळा पत्ता असतो. घरी याची गरज पडत नाही, ऑफिसच्या टेबलासाठी घेणाऱ्याला पडते.

एवढे ठरले, मग आकार. इथे तीन पर्याय होते: ३४ इंची रुंद पडदा, ४० इंची रुंद पडदा आणि ३२ इंची नेहमीच्या प्रमाणातला ४के. दुकानात ३४ इंची रुंद पडदा फार मोठा भासतो, पण त्याची उंची मोजली तर ती २७ इंची मॉनिटरएवढीच भरते, साधारण साडेतेहतीस सेंटिमीटर. रुंदी वाढते, उंची नाही. पुस्तकाचे उभे पान पूर्ण दिसावे अशी ज्याची गरज आहे त्याला तो फारसे काही देत नाही. ४० इंची पडद्याची उंची ३२ इंचीइतकी, म्हणजे सुमारे ३९ सेंटिमीटर, आणि रुंदी ९३ सेंटिमीटरच्या आसपास असते. डेलचा यू४०२५क्यूडब्ल्यू आणि एलजीचा ४०डब्ल्यूपी९५सी हे या आकारातले लक्षात ठेवण्यासारखे मॉनिटर आहेत. दोघांचे रिझोल्यूशन ५१२० गुणिले २१६० आहे, दोघांना थंडरबोल्ट ४ आहे, आणि डेलचा १२० हर्ट्झला चालतो, १४० वॅट देतो आणि अडीच गिगाबिटांचे नेटवर्कही देतो. गुणांबद्दल वाद नाही. पण दोन फूट खोल टेबलावर स्टँड धरून तो इतका जवळ येतो की दोन्ही कडा पाहायला मान फिरवावी लागते, आणि किमतीकडे पाहिले तर नाकापेक्षा मोती जड.

अक्षरांच्या रेखीवपणाबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण या विषयावरचे परीक्षण बहुधा रोमन लिपी वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी केलेले असते. ३४ इंची रुंद पडद्यावर, ३४४० गुणिले १४४० या रिझोल्यूशनला, एका इंचात सुमारे ११० ठिपके बसतात. ३२ इंची ४केवर सुमारे १४०. २७ इंची ४केवर १६३. रोमन मजकुराला ११० पुरतात. देवनागरीत मात्र रेषेच्या वर अनुस्वार, रफार आणि वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षरांच्या आतल्या बारीक गाठी असतात. मी प्रत्येक मॉनिटरवर एकच चाचणी घेतली. एखादा शासन निर्णय पीडीएफमध्ये उघडायचा, पूर्ण पान पडद्यावर बसवायचे आणि नेहमीच्या अंतरावरून ‘द्ध’, ‘द्व’ आणि ‘द्य’ वेगळे ओळखू येतात का ते पाहायचे. ११० ठिपक्यांच्या पडद्यावर ‘सिद्ध’ मधला ‘द्ध’ काळ्या गोळ्यासारखा दिसला आणि ‘र्‍या’ मधला अर्धा र शिरोरेषेत बुडाला. १४० वर दोन्ही सुटे, स्वच्छ दिसले. १६३ वर ते आणखी सुबक होते, पण २७ इंचांत पूर्ण पान बसवले की अक्षरेच लहान होतात. मुद्रितशोधन करणाऱ्यासाठी ३२ इंची ४के हा मध्य मला सर्वांत सोयीचा वाटला. विंडोजवर त्याला १२५ किंवा १५० टक्के मोठेपणा लावून काम होते.

खरेदीबाबत ठाणे आणि नवी मुंबईत एक अडचण आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा वाशी-सीवूड्सच्या मॉलमधल्या मोठ्या दुकानांत टीव्ही भिंतभर मांडलेले असतात, पण हबवाले मॉनिटर एखाददुसराच, आणि तोही एचडीएमआयने जोडून जाहिरातीची फीत दाखवत असतो. छोट्या संगणक दुकानांत माल मागवून देतात, प्रत्यक्ष दाखवत नाहीत. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर निवड जास्त मिळते, पण तिथून एवढे खोके लोकलने आणण्याचा विचारही करू नये. माझा सल्ला असा की कोणतेही दुकान असो, आपला स्वतःचा लॅपटॉप आणि त्याची केबल घेऊन जावी आणि ‘एकाच केबलवर लावून दाखवा’ असे सांगावे. चित्र ६० हर्ट्झला आहे का, चार्जिंगचे चिन्ह येते का, मागे पेनड्राइव्ह लावल्यावर तो दिसतो का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. एका दुकानात मला ‘खोकं उघडलं तर घ्यावं लागेल’ असे ऐकवण्यात आले. तिथून मी निघालो. दुसऱ्या ठिकाणच्या तरुण विक्रेत्याने मात्र स्वतःहून मेनू उघडून रिफ्रेश दर दाखवला आणि ‘काका, हा तुमच्या लॅपटॉपला तीसवर चाललाय’ असे सरळ सांगितले. अशा दुकानाला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

कराचा मुद्दाही इथेच सांगतो. जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्यापुढच्या आकारावर २८ टक्के जीएसटी होता, त्यामुळे ३४ आणि ४० इंची मॉनिटर आकाराने वाढत त्याहून अधिक किमतीने वाढत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या आकारावरचा करही १८ टक्के झाला आहे. कुणाकडे जुनी कोटेशने असतील तर त्यांवरून तुलना करू नये. ताजा दर मागवावा आणि बिलावर कराची टक्केवारी पाहून घ्यावी. बाहेरून आणलेला माल स्वस्तात मिळतो, पण अशा मालाला इथे कंपनीची वॉरंटी लागू होईल याची खात्री नसते. मोठ्या पडद्याच्या बाबतीत ही बचत मला जोखमीची वाटते. डेलच्या या मालिकेला तीन वर्षांची वॉरंटी आहे आणि पडद्यावर एक जरी कायम उजळलेला ठिपका निघाला तरी पॅनेल बदलून देण्याचे आश्वासन आहे, आणि निवडीत त्याचेही वजन पडले.

आता प्रत्यक्ष वापर. यू३२२३क्यूईचा पडदा आयपीएस ब्लॅक, म्हणजे आयपीएस या एलसीडी पॅनेलच्या सुधारित प्रकारातला आहे. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १००० ला १ असतो, याचा २००० ला १ आहे. रात्री दिवा मंद करून काम करताना काळा भाग राखाडी न दिसता बऱ्यापैकी काळा दिसतो. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दुपारी त्याचा फरक जास्त जाणवतो. पृष्ठभाग चकाकणारा नसल्याने खिडकीचे प्रतिबिंब त्रास देत नाही. स्टँड वर-खाली होतो आणि पडदा उभाही फिरतो. ३२ इंची पडदा उभा करून वापरणे म्हणजे मात्र मान मागे टाकून आकाशदर्शनच. ती सोय २७ इंचीला शोभते.

दोन लॅपटॉप एकाच कीबोर्ड-माउसवर चालवण्याची केव्हीएमची सोय यात आहे आणि घरातल्या दोघांसाठी तीच सर्वांत उपयोगी पडते. फक्त एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: एका केबलचे सुख एका वेळी एकाच लॅपटॉपला मिळते. ९० वॅट आणि चित्र देणारे टाइप-सी पोर्ट एकच आहे. दुसरा लॅपटॉप जोडायचा तर चित्रासाठी एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची केबल आणि डेटासाठी दुसऱ्या टाइप-सी पोर्टात वेगळी केबल, अशा दोन वायरी लागतात, आणि चार्जर त्याचा त्यालाच लावावा लागतो. आम्ही दोघे एका वेळी टेबलावर क्वचितच असतो, म्हणून तीच एक केबल आळीपाळीने वापरतो आणि पत्नीची मीटिंग चालू असताना मला मध्येच एखादी फाइल तपासायची असेल तेवढ्यापुरतेच केव्हीएम वापरतो.

खटकणाऱ्या गोष्टी लपवण्यासारख्या नाहीत. पडदा ६० हर्ट्झचाच आहे. लांब मजकूर भराभर खाली सरकवताना १२० हर्ट्झचा सराव असलेल्या डोळ्यांना तो संथ वाटेल. स्पीकर नाहीत, फक्त आवाज बाहेर नेण्याचे भोक आहे. पुढे दुसरा मॉनिटर साखळीने जोडण्यासाठी डिस्प्लेपोर्टची सोय आहे, पण ती ज्या एमएसटी पद्धतीवर (एकाच केबलमधून अनेक पडद्यांना वेगवेगळी चित्रे पाठवणे) चालते ती मॅकओएस मानत नाही, त्यामुळे मॅकवर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येते. आज नव्याने घेणाऱ्याने याच मालिकेतला २०२५ चा यू३२२५क्यूई आधी पाहावा. त्यात १२० हर्ट्झ, ३००० ला १ कॉन्ट्रास्ट, थंडरबोल्ट ४ आणि १४० वॅट आहेत. जुना मॉनिटर किमतीत लक्षणीय उतरलेला मिळाला आणि काम माझ्यासारखे मजकुराचे असेल, तरच मी आजही त्याची शिफारस करीन.

हब मॉनिटरमध्ये असण्याचा एक तोटा वीज गेल्यावर कळतो. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटर बंद पडताच त्याच्यासोबत कीबोर्ड, माउस, वेबकॅम आणि नेटची केबल सगळे एकदम जाते, आणि मीटिंग चालू असेल तर माणूस क्षणात गायब होतो. महावितरणच्या देखभालीच्या कामासाठी किंवा पहिल्या पावसात वीज जाणे आमच्याकडे नवे नाही, म्हणून मॉनिटर आणि राउटर दोन्ही एका छोट्या यूपीएसवर घेतले आहेत. यूपीएस निवडताना मॉनिटरच्या स्वतःच्या विजेत लॅपटॉपच्या चार्जिंगचे ९० वॅट मिळवायला विसरू नये. नुसत्या पडद्याचा हिशोब धरला तर तो यूपीएस ऐन वेळी कुरकुर करू लागतो. मेनूत आणखी एक सेटिंग आहे: पडदा झोपी गेल्यावर किंवा बंद केल्यावरही टाइप-सीचे चार्जिंग चालू ठेवायचे की नाही. ते पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावे, नाहीतर रात्री जोडून ठेवलेला लॅपटॉप सकाळी अर्धाच भरलेला सापडतो.

केबल लांब हवी असेल तर सांभाळून घ्यावी. मॉनिटर भिंतीवरच्या आर्मवर लावला की सोबतची केबल अपुरी पडते. मागे १०० गुणिले १०० मिलिमीटरची ठरलेली भोके असल्याने एवढे वजन पेलणारा कुठलाही आर्म चालतो, पण केबल कुठलीही चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या लांब, स्वस्त टाइप-सी केबलींपैकी पुष्कळ फक्त चार्जिंग आणि यूएसबी २.० च्या असतात, त्यांतून चित्र जातच नाही. विकत घेताना पाकिटावर वॅट आणि गिगाबिट हे दोन्ही आकडे छापलेले आहेत का ते पाहावे. दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी ती केबल परत ठेवून द्यावी.